लाटण्यांच्या राज्याची दूरदेशी मुलूखगिरी

॥ श्री अन्नपूर्णा प्रसन्न ॥

हातास नमन, हाताने जे घडते त्यास नमन, आणि जो हात थांबला त्याचे स्मरण करून लिहिणे ऐसे जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, ज्येष्ठ मासापासून खंडेनवमीपर्यंत एका राज्याने आपला उंबरा न ओलांडता दूरदेश कसे जिंकिले, ते वर्तमान यथास्थित लिहून ठेवावे असे चार मंडळींचे म्हणणे पडले, त्यावरून लिहिले आहे. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. विस्तार म्हणावा तर दहा हात लांब आणि सात हात रुंद. पूर्वेस पंक्चर काढणाराचा मुलूख, पश्चिमेस गटार ही सरहद्द, आणि समोर चहाची टपरी हे मित्रराज्य. मधोमध तख्त. तख्त म्हणजे लेथ नावाचे यंत्र, त्यावर लाकडाचा दांडा गरगर फिरे आणि पटाशी लागली की त्यातून लाटणे निघे. लाटणी आणि पोळपाट, याखेरीज या राज्यात दुसरे पीक नव्हते. गादीवर थोरले महाराज रंगनाथराव होते, त्यांस सारी रयत अण्णा म्हणे. त्यांची एक रीत होती ती अन्य कोठे नव्हती. ओल्या फडक्याखाली कणकेचा गोळा सदैव तयार असे, आणि बाई लाटणे घेण्यास आली की महाराज तिला माल दाखवीत नसत, भाव सांगत नसत, गोळा पुढे करून म्हणत, "आधी एक पोळी लाटा." मग बाई लाजे, हसे, पदर खोचून लाटू लागे, आणि महाराज पाहत उभे राहत, आणि मग फळीवरच्या दोनशे लाटण्यांतून एक काढून तिच्या हाती देत, आणि तेच तिच्या हाताला बसे. हात पाहिल्याशिवाय लाटणे देऊ नये, हा राज्याचा कायदा होता. मग गतवर्षी मार्गशीर्षात महाराज कैलासवासी झाले. पटाशी खाली ठेविली, पाणी मागितले, आणि पाणी येईतो झाले. हे वर्तमान एवढेच आहे, लांबविण्यासारखे नाही.

त्यानंतर राज्यास उतरती कळा लागली. राजपुत्र शेखरराव हे रोज परगावी नोकरीस जात, त्यांचे चित्त राज्यात नव्हते. कन्या रोहिणीबाई या दोन कोसांवरील सासरी दिलेल्या, तेथील महाविद्यालयात ग्रंथपाल, वय पंचेचाळीस, वाचन दांडगे आणि बोलणे मोजके. मातोश्री द्वारकाबाई घरी होत्या. आणि तख्तावर सरलष्कर मकबूलभाई खरादी, ज्यांनी तीस वर्षे महाराजांच्या शेजारी उभे राहून लाकूड कातले, ते आता रोज दुकान उघडीत, यंत्रास तेल घालीत, आणि सायंकाळी दुकान बंद करीत. गिऱ्हाईक येईनासे झाले. मग ज्येष्ठ वद्य पक्षात एके रविवारी शेखररावांनी दरबार भरवून सांगितले, "खंडेनवमीला यंत्राची पूजा करू आणि मग देऊन टाकू. यंत्रांचा एक व्यापारी तयार आहे, मी त्याला शब्द दिलाय. जागा मोबाइलच्या कव्हरवाल्याला देऊ." रोहिणीबाई म्हणाल्या, "आणि मकबूलभाई?" "त्यांना लाकडाच्या वखारीत लावून देतो, बोललोय मी." मकबूलभाई म्हणाले, "वखारीत करवत धरायची. तीस वर्षं लाटणं गोल केलं, आता फळ्या चौकोनी करू म्हणतोस, शेखर बाळा?" मग रोहिणीबाईंनी पुसले, "तुला एवढी घाई का रे?" शेखरराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मला तिथं जाऊन बसवत नाही, ताई. तुला बसवतं?" रोहिणी बाईसाहेबांस बसवत असे. त्या दर रविवारी दुकानी येत, स्टुलावर घटकाभर बसत, आणि यंत्राचा आवाज ऐकून परत जात. यंत्र गेले म्हणजे आपले माहेर गेले, हे त्यांनी मनात पक्के ओळखले होते आणि कोणास सांगितले नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, "बायका दुकानात येत नाहीत, फोनवर मागवतात. मग आपण फोनवर विकू." शेखरराव वळून म्हणाले, "ताई, तुला व्हॉट्सअॅपवर शुभ सकाळ पाठवता येत नाही." "पाठवता येतं. पाठवत नाही." मग शेखररावांनी अट घातली की खंडेनवमीपर्यंत शंभर लाटणी परगावी जावीत, दुकानात पाय न ठेवलेल्या माणसांकडे, तर यंत्र राहील. येथे विडा ठेवण्याची रीत, परंतु घरात पान नव्हते, म्हणोन मातोश्रींनी बडीशेपेची डबी पुढे केली, बाईसाहेबांनी त्यातील चिमूटभर उचलली, आणि प्रतिज्ञा जाहली.

मग विद्या पाहिजे म्हणोन गुरूचा शोध सुरू झाला. फोनमध्ये दिग्विजय सर म्हणोन एक गुरू सापडले, सात दिवसांत ऑनलाइन मार्केटिंगची विद्या देत. दाढी कोरलेली, आणि पाठीमागे पुस्तकांची फळी, त्यातील सारी पुस्तके एकाच रंगाची. बाईसाहेब ग्रंथपाल असल्यामुळे ते आधी नजरेस आले, तरी त्यांनी वही उघडली. गुरूंनी पहिल्याच दिवशी मंत्र दिला, "यशस्वी माणसांचा अभ्यास करा. ते अडचण कशी सोडवतात ते बघा." बाईसाहेबांनी दोन्ही वाक्ये लिहून घेतली, पहिले समजले, दुसरे नुसतेच लिहिले. मग त्या फोनमधील चित्रांच्या बाजारात उतरल्या आणि एकेक विजयी सरदार पाहू लागल्या. साबण विकणारे एक सरदार गाण्यावर नाचत, मसाले विकणाऱ्या एक बाई डोळ्यांत पाणी आणून कहाणी सांगत, आणि चपला विकणारे एक गृहस्थ मोटारीत बसून "फक्त आज! फक्त आज!" असे रोज ओरडत. बाईसाहेबांनी सर्व टिपून घेतले आणि मसलत मांडिली की आपणही असेच करू. मकबूलभाईंस नाचण्याची आज्ञा झाली. ते म्हणाले, "ताई, मी यंत्र नाचवतो. माझे गुडघे मला नाचू देत नाहीत." मग मातोश्रींस "फक्त आज" म्हणावयास सांगितले, त्यांनी विचारले, "का? उद्या आपण कुठं जाणार आहोत?" शेवटी मातोश्रींनी लाटणे हाती घेऊन त्याचे गुण सांगावेत असे ठरले, रोहिणीबाईंचे यजमान जावईबापू फोन धरून उभे राहिले, आणि इतक्यात शेखरराव आत येऊन म्हणाले, "आई, डबा अजून भरला नाहीस?" त्यावर मातोश्री ज्या वेगाने लाटणे उगारून त्यांच्या मागे धावल्या आणि शेखरराव जसे मोरीच्या दारात सापडले, ते सर्व जावईबापूंनी टिपले, आणि बाईसाहेबांनी भीत भीत बाजारात सोडले. तीन दिवसांत चाळीस हजार माणसे हसली. एका तालमीतून मुद्गलांची मागणी आली. एका नाटक मंडळीने गदा करून द्याल का, असे पुसले. लाटण्याची मागणी शून्य. यास शिकस्त म्हणावी की फत्ते, हे दरबारात कोणास कळेना, शेखररावांची मात्र कचेरीत तोंड दाखविण्याची सोय राहिली नाही.

मग श्रावण लागला आणि इंदूरहून पुष्पलता दिघे नावाच्या बाईंचा खलिता आला, "मला एक लाटणे हवे आहे." दरबार उठून उभा राहिला. मकबूलभाईंनी मित्रराज्यातून चहा मागविला. परंतु कायदा आडवा आला. हात पाहिल्याशिवाय लाटणे देऊ नये, आणि थोरल्या महाराजांचा कायदा मोडणे बाईसाहेबांच्याने होईना. मग त्यांनी उत्तर लिहिले, "कृपया एकदा दुकानी येऊन एक पोळी लाटून जावी." तिकडून उत्तर आले, "ताई, मी इंदूरला असते." बाईसाहेबांनी लिहिले, "काही घाई नाही, सवडीने यावे." हे वाचून शेखररावांनी कपाळाला हात लावला. मग मकबूलभाई म्हणाले, "बाई गोळ्याकडे येत नाही, तर गोळा बाईकडे जाऊ दे." हा विचार सर्वांस पसंत पडला, आणि येथेच राज्याचा घात झाला. पाच लाटणी निवडून त्यांवर आकडे घातले. मातोश्रींनी कणीक भिजविली, प्रवासास टिकावी म्हणोन तेलाचा हात सढळ ठेविला, गोळा केळीच्या पानात, पान ओल्या फडक्यात, फडके प्लॅस्टिकात, असा बंदोबस्त केला, आणि सोबत चिठ्ठी लिहिली की या गोळ्याच्या पाच पोळ्या पाच लाटण्यांनी लाटाव्या, जे हाताला बसेल ते ठेवावे, बाकीची पाठवावी. कुरियरचा जासूद घेऊन गेला. मग ऊन पडले, मग पाऊस पडला, मग पुन्हा ऊन पडले, आणि गोळा वाटेतच फुगू लागला. तो इंदुरास पोहोचलाच नाही. सहाव्या दिवशी जासूद नाकास रुमाल बांधून, पार्सल दोन हात लांब धरून दारात उभा राहिला. पार्सल ढोलासारखे तट्ट फुगलेले. तो म्हणाला, "मावशी, आत काय आहे ते सांगू नका. फक्त घ्या." मातोश्रींनी हाती घेताच ते फाटले, आणि आंबलेली कणीक उंबऱ्यावर पसरली, आणि पंक्चरवाल्याच्या मुलुखातील प्रजा दुकाने ओढून निघून गेली. शेखररावांस हसू आले, आणि हसता हसता त्यांस पायरीवर बसावे लागले. मार्गशीर्षानंतर त्यांस हसताना कोणी पाहिले नव्हते. परंतु हसणे सरल्यावर त्यांनी अट आवळली. "ताई, हे असं चालायचं नाही. शंभर जायला हवीत, आणि त्यातलं एकही परत यायला नको. परत आलं की डाव संपला." बाईसाहेब म्हणाल्या, "बरं."

मग दोन दिवस बाईसाहेबांनी फोन हाती घेतला नाही. तिसऱ्या दिवशी वही काढली, पहिले पान उघडले, आणि गुरूचे दुसरे वाक्य, जे नुसतेच लिहिले होते, ते त्यांनी वाचिले. ते अडचण कशी सोडवतात ते बघा. मग त्यांच्या ध्यानी आले की आपण सरदारांस फत्तेच्या दिवशी पाहिले, हत्तीवर बसलेले, नौबत वाजत असता. ते घाटात अडकले होते त्या दिवशी कोणासही पाहिले नाही. मग त्यांनी ज्यांची ज्यांची दुकाने फोनवर चालत, त्यांस पत्रे लिहिली, आणि प्रत्येकास एकच प्रश्न पुसला, तुम्ही अडलात कुठे आणि सुटलात कसे. आधी यशाचे गुपित पुसले असता दोन ओळींचे उत्तर येत असे, परंतु अडचण पुसताच लोक आपण होऊन फोन करू लागले आणि ठेवीनात. चपलांचे गृहस्थ, जे मोटारीत ओरडत, त्यांनी सांगितले की वहाण लागते अशा तक्रारींनी त्यांस जेवण जात नव्हते, मग त्यांनी गिऱ्हाइकास पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरविण्यास सांगितले, तेव्हा सुटले. आणि बेळगावच्या सुगंधा कासार, ज्या फोनवरून बांगड्या विकीत आणि ज्यांच्या बांगड्या समुद्रापलीकडे जात, त्या म्हणाल्या, "अहो ताई, माझ्या निम्म्या बांगड्या परत यायच्या. चढायच्या नाहीत, नाहीतर गळायच्या. आमच्यात हात धरल्याशिवाय बांगडी भरतच नाहीत, आणि फोनमधून हात धरणार कसा? मग मी आमच्या आत्याला विचारलं, आत्या, तू हात धरतीस तेव्हा बघतीस काय? ती म्हणाली, बघतीय कुठं, अंगठ्याच्या बुडाचं हाड दाबतीय. झालं! मी बायकांना सांगितलं, अंगठा आत घ्या, त्या हाडावरून दोरा गुंडाळा, आणि दोऱ्याचं माप पाठवा." "एवढंच?" "एवढंच. सगळा हात लागत नाही हो, एक हाड लागतं. तुमचे अण्णा काय बघायचे?" बाईसाहेबांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "ते गेले. आम्ही कधी विचारलं नाही." तिकडून सुगंधाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मग त्यांना बघताना ज्यांनी बघितलंय, त्यांना विचारा की."

त्याच दिवशी दुपारी बाईसाहेबांची स्वारी माहेरी आली. ओसरीवर मातोश्री मेथी निवडीत बसल्या होत्या, मकबूलभाईंस निरोप धाडून बोलाविले, आणि बाईसाहेबांनी पुसले, "अण्णा काय बघायचे?" मकबूलभाई विचार करून म्हणाले, "मी यंत्रावर असायचो, माझी पाठ असायची. पण पोळीकडे बघायचे नाहीत, हे नक्की. बाई लाटायला लागली की ते तिच्या मागे जाऊन उभे राहायचे." "मागे?" "मागेच. मला वाटायचं, बाई लाजू नये म्हणून." इतक्यात मातोश्री मेथीची काडी मोडून म्हणाल्या, "खांदा." "काय?" "खांदा बघायचे. लग्न झालं त्या साली माझा उजवा खांदा सारखा ठणकायचा. घरात सासूबाईंचं बारीक, हलकं लाटणं. मी कुणाला बोलले नाही. हे चार दिवस पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात यायचे आणि माझ्या मागं उभे राहायचे. मला वाटलं, नवीन लग्न झालंय, येत असतील. पाचव्या दिवशी जड लाटणं आणून ओट्यावर ठेवलं आणि गेले. खांदा वर चढला की समजायचं, लाटणं हलकं आहे, बाई आपला जोर घालतेय; तिला जड द्यायचं. कोपर बाहेर पडलं की लाटणं लांब आहे. मान पुढं वाकली की पोळपाटाचे पाय वाढवायचे." बाईसाहेब म्हणाल्या, "आई, हे तू इतके दिवस सांगितलं नाहीस?" मातोश्री म्हणाल्या, "तू गुरूला विचारलंस, चपलावाल्याला विचारलंस, बेळगावला विचारलंस. मला कुठं विचारलंस?" मग परीक्षा पाहावी म्हणोन कणीक भिजविली, बाईसाहेब लाटावयास उभ्या राहिल्या आणि मातोश्री पाठीमागे. मातोश्रींनी पाहिले आणि म्हटले, "तुझा खांदा वर आहे." "लाटणं हलकं आहे का?" "लाटणं बरोबर आहे. मार्गशीर्षापासूनच तो वर आहे." बाईसाहेबांनी उरलेल्या गोळ्याच्या सर्व पोळ्या लाटल्या. मग चहा झाला.

मग राज्याने जाहीरनामा काढिला तो ऐसा: तोंड दाखवू नका. साडी बदलू नका. ओटा आवरू नका. फोन मागच्या फळीवर टेकवा आणि एक पोळी लाटा. पाठ पाठवा, लाटणे आम्ही शोधू. यात नाच नव्हता, रडणे नव्हते, आणि फक्त आज असेही नव्हते. पहिली पाठ आली ती इंदुराहून, पुष्पलताबाईंची, सोबत चिठ्ठी, "आले एकदाची दुकानात." त्यांचे कोपर बाहेर पडत होते, आखूड लाटणे गेले, आणि आठवड्याने त्यांनी आपल्या पाठीची दुसरी चित्रफीत आपण होऊन बाजारात सोडली आणि लिहिले, "पाहा माझे कोपर." मग पाठींचा पूर आला. परकरातील पाठी, गाउनमधील पाठी, नऊवारीतील पाठी, गंजिफ्रॉकातील एका निवृत्त हवालदाराची पाठ, जे म्हणाले की कुटुंबाचे ऑपरेशन झाले असल्यामुळे सध्या मोर्चा आपण सांभाळीत आहोत. वसतिगृहातील एक कन्या चक्क पाण्याच्या बाटलीने लाटीत होती. तोंड दाखवायचे नव्हते म्हणोन बायका मोकळ्या झाल्या होत्या, कोणी लाटता लाटता गात, कोणी कुकरशी भांडत, आणि एकीने पूर्ण पोळीभर आपल्या जावेचे वर्णन केले. रोज दिवेलागणीस दरबार भरू लागला. बाईसाहेब फोन धरीत, मातोश्री चष्मा लावून निवाडा देत, मकबूलभाई माप सांगत, आणि भांडणे अशी होत की मित्रराज्यातील चहावाला ऐकावयास येऊन उभा राही. मकबूलभाई म्हणत, "वहिनी, हिला जाड देऊ." मातोश्री म्हणत, "अहो, हिचा ओटा उंच आहे, बाई चवड्यावर उभी आहे बघा. लाटण्याचं नाव नको, पोळपाटाचे पाय उतरवा." हवालदारांस कोणते द्यावे यावर दोन दिवस खल झाला. शेखरराव कोपऱ्यात वर्तमानपत्र उघडून बसत, आमचा याच्याशी संबंध नाही अशा मुद्रेने, एके दिवशी वर्तमानपत्रामागून आवाज आला, "ही डावखुरी आहे, कुणाच्या लक्षात आलं का?" सर्वांनी वळून पाहिले. वर्तमानपत्र उलटे होते. तेथून पुढे शेखररावांची गणती दरबारात होऊ लागली. यंत्र सकाळी सुरू होई ते सायंकाळी थांबे, मकबूलभाईंच्या भुवयांवर शिसवीचा भुसा बसे आणि ते तो पुसत नसत. आणि नौबत आपण वाजवावी लागली नाही. ज्या बाईचा खांदा उतरला ती आपल्या दहा जणींस सांगे. भाद्रपदी पौर्णिमेस साठ लाटणी गेली, घटस्थापनेस नव्वद, आणि अष्टमीच्या सायंकाळी मोजली तो एकशे सात. परत एकही नाही.

खंडेनवमीस यंत्र धुऊन पुसून, पटाश्या ओळीने मांडून, झेंडूच्या माळा घालून पूजा मांडिली. यंत्रांचा व्यापारी टेम्पो आणि दोन माणसे घेऊन दारात हजर झाला, कारण त्यास शब्द दिला होता आणि नको म्हणोन कळविण्याचे शेखररावांस सुचले नव्हते. शेखरराव म्हणाले, "शेठ, माफ करा, ताईनं शंभर केली. यंत्र जात नाही." व्यापारी पानाची पिंक टाकून म्हणाला, "मला आधी सांगायचं की हो. चाळीस मैलांवरून आलो." आणि इतक्यात कुरियरचा जासूद सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "मावशी, एक परत आलंय." मकबूलभाईंच्या हातातील उदबत्ती तशीच राहिली. व्यापाऱ्याने विचारले काय झाले, आणि चहावाल्याने, ज्यास अट पाठ होती, ती सांगून टाकली. व्यापाऱ्याने टेम्पोचे फळके उघडले. "शब्द म्हणजे शब्द, शेखरराव. एकही परत यायला नको, असं तुम्हीच म्हणाला होतात." शेखररावांचा चेहरा उतरला, ज्या डावात आपण जिंकावे अशी त्यांची इच्छा उरली नव्हती, तो ते जिंकले होते. ते म्हणाले, "ताई, उघडू नकोस. आपण पाहिलंच नाही असं समजू." बाईसाहेब म्हणाल्या, "नाही. शब्द म्हणजे शब्द," आणि त्यांनी कात्री मागितली आणि स्वतः पार्सल उघडले. आत लाटणे होते, तेलातुपाने काळे, चकचकीत झालेले, आणि एक पत्र. बाईसाहेबांनी ते उभ्याने मोठ्याने वाचले. "सप्रेम नमस्कार. मी कल्पना टेंभुर्णे, वर्ध्याची. तुमच्या लाटण्याने माझा खांदा दुखायचा राहिला, पण घरात भांडण लागले आहे. सासूबाई म्हणतात, हे माझ्या हाताला बसते. त्या दुपारी ते आपल्या कपाटात कुलपात ठेवतात. नवरा म्हणतो, मला येते तर मीही लाटीन, पण याच लाटण्याने. काल मी पोळ्या बाटलीने केल्या. तरी यावर कृपा करून माझे नाव कोरून द्यावे, म्हणजे वाद मिटेल. फोनवर त्या दोघांच्या पाठी पाठवीत आहे, त्यांना त्यांची वेगळी द्यावी. माझे मात्र लवकर पाठवा, त्याच्यावाचून करमत नाही."

पत्र संपले आणि वाद सुरू झाला. व्यापारी म्हणाला, "काही असो, परत आलं ते आलं." मकबूलभाई पुढे झाले. "शेठ, लेक दोन दिवस माहेरी आली, तर कुणी म्हणतं का, परत आली?" मातोश्री म्हणाल्या, "तुमची मंडळी माहेरी गेली की तुम्ही काय म्हणता हो? घर मोडलं म्हणता?" व्यापाऱ्याच्या मिशीखाली हसू फुटले. "आमची गेली की आम्ही सुटलो म्हणतो, मावशी." त्याबरोबर त्याची दोन्ही माणसे हसली, चहावाला हसला, आणि जासूद, ज्यास काहीच ठाऊक नव्हते, तोही हसला. शेखररावांनी टेम्पोचे फळके आपल्या हाताने लावले. व्यापाऱ्यास पेढा दिला, टेम्पोस झेंडूची माळ बांधली आणि सन्मानाने बोळवण केली. मग शेखरराव लाटणे मकबूलभाईंच्या हाती देऊन म्हणाले, "नाव कोरा. आजच धाडू." मकबूलभाईंनी मान हलविली. "आज हत्यारं पूजेत आहेत, बाळा. आज कशाला हात नाही लावायचा." मातोश्रींनी लाटणे घेतले, त्यास हळदकुंकू लाविले, यंत्राशेजारी पाटावर ठेविले आणि म्हणाल्या, "राहू दे दोन दिवस. दसरा करून जाईल." त्यावर रोहिणीबाई दारापर्यंत गेल्या, जावईबापूंस फोन लाविला, आणि म्हणाल्या, "ऐका, मीसुद्धा दोन दिवस इथंच राहते. दसरा करून येईन."

एकूण वर्तमान ऐसे. शंभरांची प्रतिज्ञा एकशे सातांनी पुरी झाली, एक माहेरी आले ते नाव लेवून एकादशीस सासरी गेले, त्यामागे तेथील सासूबाईंचे आणि नवऱ्याचे अशा दोन पाठराखिणी गेल्या, आणि यंत्र जागेवर आहे. शेखरराव रविवारी दुकानी येऊन बसतात. मुलूखगिरीचे सार पुसाल तर, जिंकलेल्यांची मिरवणूक पाहून विद्या येत नाही, ते जेथे अडले ती जागा पुसावी. आणि जाणते मनुष्य घरीच भाजी निवडीत बसले असेल तर त्यास आधी पुसावे, ते असेतो. जे दिसले ते लिहिले, जे पाठीमागून दिसले तेही लिहिले. लेखनात उणे राहिले ते लिहिणाराचे, बाकी सर्व त्या राज्याचे.